दोन वर्षांचा देश

सोलापूरच्या माणसाला उन्हाची भीती घालू नये. चैत्र संपत आला की आमच्याकडे डांबर चपलेला चिकटतं, दुपारी कन्ना चौकातली कुत्रीसुद्धा हातगाड्यांखालची सावली सोडत नाहीत, पारा ४४ ला टेकतो. आणि तरी संध्याकाळी वारं सुटलं की लोक 'आज जरा बरं हाय' म्हणत सिद्धेश्वर तळ्याकडे निघतात. सौदीला जायचं ठरलं तेव्हा जो तो उन्हाचंच बोलला. मी ते हसण्यावारी नेलं. वाळवंट म्हणजे जरा मोठं सोलापूर, एवढीच माझी कल्पना.

पण मी गेलो ते जुबैल समुद्राकाठी आहे. एके काळी मासे आणि मोती काढणाऱ्यांचं ते लहानसं बंदर. १९७५ मध्ये सौदी सरकारने तिथे औद्योगिक शहर वसवायला शाही आयोग नेमला, आणि वाळूवर रिफायनऱ्या, खतांचे, पोलादाचे, रसायनांचे कारखाने उभे राहिले. सोलापूरचं ऊन भाजतं. जुबैलचं ऑगस्टमधलं ऊन उकडून काढतं. एसी बसमधून पाय खाली ठेवला की चष्म्यावर वाफ धरते, आणि तो पुसेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. संध्याकाळी कव्हरॉल काढला की त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्यावर काम करायला तिथे कायद्याने बंदी आहे. त्या तीन तासांत आम्ही पोर्टा केबिनमध्ये नाही तर पाइपरॅकच्या सावलीत हेल्मेट उशाला घेऊन पडायचो. शटडाउनच्या दिवसांत, म्हणजे प्लँट दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला असतो तेव्हा, बारा बारा तासांची पाळी. मी इलेक्ट्रिशियन. केबल ओढायची, ग्लँडिंग करायचं, मेगर लावून केबलचं इन्सुलेशन बघायचं, पुढच्या जंक्शन बॉक्सकडे सरकायचं. काम हे काम असतं. ते चाकणला जसं केलं तसंच तिथे केलं. त्याचं काही सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं आहे ते पाण्याचं. अम्माचा फोनवरचा पहिला प्रश्न, "जेवलास का?" हा नव्हता. "पाणी येतंय का रे तिकडं?" हा होता. तिचं बरोबर होतं. आमच्या शहराला शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून पाणी येतं, धरण तुडुंब भरल्याच्या बातम्या छापून येतात, आणि नळाला मात्र चार-पाच दिवसांनी एकदा पाणी. रात्री दोनला येवो की पहाटे चारला, अख्खी गल्ली घागरी घेऊन जागी. आणि जिथे वर्षाकाठी चार सरी पडल्या तर पडल्या, त्या जुबैलमध्ये नळ चोवीस तास. समुद्राचं खारं पाणी गोडं करणारा प्रचंड कारखाना तिथे आहे. तिथलं पाणी वाळवंट तुडवत चारशे किलोमीटर आतल्या रियाधलाही जातं. अम्माला हे पटायचंच नाही. तिला वाटायचं, पोरगं आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतंय. नळाची एक गंमतही होती. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापायचं, की गार पाण्याचा नळ अंगावर घेता यायचा नाही. मग गीझर बंद ठेवायचा. सावलीतल्या गीझरच्या टाकीतलं पाणी रात्रीतून निवायचं, आणि सकाळी गरम पाण्याच्या नळाने गार आंघोळ व्हायची.

चादर न्यायची की नाही यावर घरात वाद झाला होता. मी म्हटलं, वाळवंटात चादर कशाला? अम्माने ऐकलं नाही, मोर काढलेली जाड जेकार्डची चादर बॅगेत तळाशी घातली. तीच सगळ्यांत उपयोगी पडली. सहा जणांच्या खोलीत एसी एक, रिमोट एक, आणि तो ज्याच्या हातात तो खोलीचा राजा. आमच्या खोलीत तो एका पेशावरी ड्रायव्हरकडे असायचा. त्याला सोळाच्या वर आकडा गेलेला खपत नसे. बाहेर मध्यरात्री पस्तीस अंश, आणि आत मी सोलापुरी चादर कानापर्यंत ओढून. उलट सुट्टीवर निघणारा जो तो तिथली जाडजूड गुलाबांची ब्लँकेटं प्लास्टिकच्या पिशवीतून घेऊन निघायचा. मीही एकदा आणलं. चादरींच्या गावात ब्लँकेट घेऊन उतरलेला मी. स्टेशनवरचा रिक्षावाला त्यावरून जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बॅगेत दुसरा ऐवज कडक भाकरीचा. ज्वारीच्या भाकऱ्या पापडासारख्या पातळ, पार वाळवलेल्या. महिना-दोन महिने काही होत नाही. सोबत शेंगाचटणी, तेल न सुटावं म्हणून दोन पिशव्यांत बांधलेली. दम्माम विमानतळावर कस्टमच्या तरुण अधिकाऱ्याने डबा उघडला, एक भाकरी उचलली, टेबलावर आपटून बघितली. टक् असा आवाज आला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खुबूस. हिंदी." त्याने कडेचा तुकडा मोडला, वास घेतला, शेजारच्याला दाखवला, दोघे हसले आणि डबा माझ्याकडे सरकवला. चटणीचं काही बोलले नाहीत. खसखस असती तर बोलले असते. खसखस अफूच्या बोंडातली. तिला तिथे बंदी, आणि ती सापडली तर तुरुंग ठरलेला. हे जाणारा प्रत्येक जण पुढच्याला बजावतो. म्हणून माझ्यासाठीच्या दिवाळीच्या अनारशांना अम्मा तीळ लावायची. शेजारच्या काकूंना ते अजिबात पसंत नव्हतं.

लोक विचारतात, तिथे फार कडक म्हणे? कडक होतंच. पहिल्यांदा गेलो तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची. २०१३ मध्ये ती शुक्रवार-शनिवार झाली. थिएटर नाही, दारू नाही, नमाजच्या वेळी दुकानं बंद. हॉटेलांत कुटुंबांचा भाग वेगळा, एकट्या पुरुषांचा वेगळा, दारंसुद्धा वेगळी. देशावर तीन पोरं ठेवून आलेला बाप्याही तिथे 'बॅचलर'मध्ये मोडायचा आणि बॅचलरांच्या दारानेच आत जायचा. महिनेच्या महिने बाईचा चेहरा दिसायचा नाही, लहान मुलाचं रडणं कानावर पडायचं नाही. देव पेटीत. सिद्धेश्वराचा छोटा फोटो मी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. झाकण उघडलं की दर्शन, मिटलं की संपलं. उघड पूजेला परवानगी नाही, हे सांगूनच तर नेतात. रमजानमध्ये आमच्यासारख्यांनीही चारचौघांत पाणी प्यायचं नाही. पण त्याच महिन्यात मशिदीबाहेरच्या तंबूत संध्याकाळी पंगत बसायची, आणि बसणाऱ्याला जात-धर्म कुणी विचारायचं नाही. खजूर, ताक, भात, कोंबडी. आम्ही साइटवरून थेट जायचो, हात धुऊन पंगतीत बसायचो. मला त्या देशाची ही दोन्ही तोंडं खरी वाटतात.

एकदा न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो. न्हावी मुलतानचा. गालाला साबण लावून झाला, वस्तरा हातात घेतला, आणि अजान झाली. बाहेर रस्त्यावर मुतव्वांची, म्हणजे धर्मरक्षक पथकाची, गाडी भोंग्यातून 'सलाह, सलाह' पुकारत हळूहळू चालली होती. न्हाव्याने वस्तरा ठेवला, शटर ओढलं, दिवा घालवला आणि आतल्या खोलीत नमाजला गेला. तोंडाला फेस लावून अंधारात मी, शेजारी अर्धे केस कापलेला एक फिलिपिनो, आणि बाकावर वाट बघणारे दोन बंगाली. कुणी कुरकुर केली नाही. फेस वाळून गालावर खाज सुटली. वीसेक मिनिटांनी तो आला, दिवा लावला, नवा साबण लावला आणि जिथे थांबला होता तिथून सुरू झाला.

मला याची चीड का आली नाही, याचा नंतर विचार केला. माझं लहानपण मिलच्या भोंग्यावर गेलं आहे. माझे वडील, नाना, लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर होते. भोंगा झाला की डबा, भोंगा झाला की पाळी, भोंगा झाला की चूल. ज्यांचा मिलशी काही संबंध नाही तेही त्यावरच घड्याळं लावायचे. नव्वदीच्या दशकात मिल बंद पडली, भोंगा थांबला, आणि नाना पुढची कैक वर्षं त्या वेळेला कान देऊन उठून बसायचे. आपला दिवस दुसऱ्याने कापून द्यायचा, याची आमच्या घराला सवय होती. आणि कर्मठपणा बघायला आम्हाला विमानात बसावं लागलं नव्हतं. अम्मा उंबऱ्याच्या आत बसून विड्या वळायची. घर त्या विड्यांवर चाललं. पण बाहेरचा माणूस आला की डोक्यावरचा पदर पुढे आणि सूप मागे. तिला कुठे जायचं झालं तर नानांना विचारावं लागे. तिकडचा बुरखा बघून नाकं मुरडणाऱ्या आपल्या लोकांना मी हे सांगत बसत नाही.

नियमांचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि ते कळायला तेलंगणातली माणसं भेटावी लागली.

कँपात करीमनगर, निजामाबाद, जगित्याल, सिरसिल्ला इकडचे खूप. त्या जिल्ह्यांतून पिढ्यान् पिढ्या लोक आखातात जातात. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या रांगेत मी तेलुगूत काही बोललो, तर पुढचा गर्रकन वळला. "मीदि ए ऊरु अन्ना?" मी म्हटलं, सोलापूर. त्याच्या डोक्यात ते बसेना. महाराष्ट्रातला माणूस, नाव मराठी वळणाचं, आणि तेलुगू घरचं. मग दुसरा एक म्हणाला, सोलापूर म्हणजे दुप्पटी! चादरीला ते दुप्पटी म्हणतात. तिसऱ्याचा मामाच आमच्या पूर्व भागात, दाजी पेठेच्या मागे कुठेतरी यंत्रमागावर होता. रात्री खाटेवर बसून आम्ही हिशेब लावला, तर माझे पणजोबा ज्या भागातून सोलापूरला आले, त्याच भागातली ही माणसं. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी निघाली, जुनी मिल. पुढे आणखी निघाल्या. आणि निजामाच्या मुलखातले पद्मशाली विणकर दुष्काळाला, कर्जाला कंटाळून हातातली कला घेऊन इकडे आले. त्यांचं आखात म्हणजे सोलापूर.

पणजोबाही दोन वर्षांसाठीच आले असणार. चार पैसे गाठीला बांधू आणि गावी जाऊ, असंच घरात सांगून निघाले असणार. सगळे तसंच सांगून निघतात. पण ते राहिले. सोलापूर काही धर्मशाळा नव्हती. मिलमालकांना हात हवे होते, म्हणून त्यांना घेतलं. चाळीतली खोली अंधारी होती, पगार तुटपुंजा होता. तरी कुणी त्यांना दोन वर्षांनी परत जा म्हटलं नाही. त्यांनी बायका आणल्या, मागामागे माग टाकले, मार्कंडेयाचं देऊळ बांधलं. आजही नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघतो आणि अख्खं शहर रस्त्यावर येतं. आम्ही पोरं मराठी शाळेत गेलो, गल्लीत कन्नड शिकलो, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलो, आणि तिसऱ्या पिढीला 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न विचारणारेही उरले नाहीत.

जुबैलमध्ये हे होत नाही. सौदीत पंचवीसेक लाख भारतीय आहेत, पण आमच्यासारखा मजूर तिथे म्हातारा होत नाही. करार दोन वर्षांचा, मग सुट्टी, मग पुन्हा दोन वर्षं. अंगात जोर आहे तोवर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना. तो कफिलच्या, मालकाच्या नावाशी बांधलेला. देशाबाहेर जायचं तरी त्याच्या सहीचा कागद लागायचा. मजुराच्या इकाम्यावर बायको-मुलं आणता येत नाहीत. ज्यांना येत होती, त्या कारकून-इंजिनिअर लोकांवर जुलै २०१७ पासून घरातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल कर बसला, दर वर्षी तो १०० ने वाढत गेला, आणि एकेक बिऱ्हाड उठलं. हिंदू माणूस तिथे वारला तर दहनाची सोय नाही. शव पेटीतून गावी येतं, आणि त्याच्या कागदांना कधी कधी आठवडे जातात. आमच्या ब्लॉकमधला एक जण झोपेतच गेला. त्याची खाट रिकामी ठेवली नाही. पुढच्या आठवड्यात नवा माणूस आला, त्याला कुणी काही सांगितलं नाही.

सोलापूरचा परदेशी गेलेला सगळ्यांत नावाजलेला माणूस म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये युद्धात जखमी झालेल्यांची सेवा करायला चीनला गेले, तिथेच लग्न केलं, तिथेच १९४२ मध्ये वारले. चीनने त्यांची समाधी बांधली, पुतळा उभारला. डॉक्टर आणि वीजतंत्री यांची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. तरी भैया चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून जाताना त्यांची आठवण होते आणि वाटतं, गेलेल्याला ठेवून घेणारे देशही असतात.

कँपात एक बिहारी वेल्डर होता. एसीची नळी जिथे ठिबकायची तिथे त्याने थर्माकोलचा खोका ठेवला, त्यात कुठूनशी माती भरली आणि मेथी पेरली. ते ठिबकणारं पाणी म्हणजे हवेतलाच दमटपणा. फुकटचं आणि गोडं. मेथी महिन्याभरात आली. आम्ही ती तिथल्या एक रियालच्या खुबूसबरोबर खाल्ली. पुढे पुदिना आला, कोथिंबीर आली. मी त्याला म्हटलं, एक कढीपत्ता लाव की. तो म्हणाला, "उसको टाइम लगता है भैया." तो गेला तेव्हा खोका एका नेपाळ्याने घेतला, त्याच्यानंतर आणखी कुणी. कढीपत्ता कुणीच लावला नाही.

मी निघायच्या बेतात होतो तेव्हा तो देश भराभर बदलत होता. २०१६ मध्ये मुतव्वांचा अटक करायचा अधिकार गेला. सप्टेंबर २०१७ मध्ये इंटरनेटवरून फोन करायची बंदी उठली, आणि महिन्याकाठी कार्ड घासून चार शब्द बोलणाऱ्या आमच्या ब्लॉकमध्ये एका रात्रीत जो तो भिंतीकडे तोंड करून बायकोचा चेहरा बघत बसला. २०१८ च्या एप्रिलमध्ये थिएटर उघडलं, जूनमध्ये बायका गाड्या चालवायला लागल्या. मी आल्यावर, २०२१ मध्ये, नमाजच्या वेळी दुकानं उघडी ठेवायची मुभा मिळाली, आणि कफिलची पकडही बऱ्याच कामगारांपुरती सैल झाली. घरकामाच्या बायका आणि घरगुती ड्रायव्हर मात्र त्यातून वगळलेले. या सगळ्याचं मला बरं वाटतं. पण दोन वर्षांचा हिशेब तसाच राहिला, आणि त्याबद्दल मी त्या देशाला बोल लावणार नाही. ठेवून घेणार नाही, हे त्याने पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. पगार ठरल्या तारखेला दिला. त्यावर बहिणीचं लग्न झालं, नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन खोल्यांवर स्लॅब पडला.

फसवणूक झाली ती इकडे, विमानात बसायच्या आधी. ज्याने मला पाठवलं त्याच्या कागदावर इलेक्ट्रिशियन लिहिलं होतं, व्हिसावर साधा मजूर. ते मला तिथे उतरल्यावर, अरबी वाचणाऱ्याने सांगितलं. पुढची दोन वर्षं हातात मेगर आणि इकाम्यावर बिगारी.

म्हणून पूर्व भागातल्या, नई जिंदगीतल्या, विजापूर रोडवरच्या आयटीआयमधल्या पोरांना एवढंच सांगणं आहे. जायचं तर जरूर जा. पण १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे एजंट नोंदणीकृत लागतो. त्याचा नंबर सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः बघा. त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. लाख-दीड लाख मागणारा चोर आहे. 'आझाद व्हिसा', म्हणजे कफिल नावापुरता आणि काम आपलं आपण शोधायचं, आणि 'आधी व्हिजिटवर जा, मग बघू' हे दोन्ही धंदे सारखेच. त्यांच्या वाटेला जाऊ नका. दहावी झाली नसेल तर पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो आणि परवानगीशिवाय सौदीसारख्या देशांत कामाला जाता येत नाही. त्यासोबतचा प्रवासी भारतीय विमा दोन वर्षांना २७५ रुपयांत दहा लाखांचा मिळतो, तो उतरवाच. व्हिसावरचा अरबी हुद्दा निघायच्या आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. सोलापुरात अरबी वाचणारे मौलाना गल्लोगल्ली आहेत, पैसेही घेत नाहीत. सगळ्या कागदांची झेरॉक्स आईजवळ ठेवा. आणि चादर न्या.